दुधी पांढरा

पट्टी काढल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कसं काय दिसतंय, आणि मी समोरच्या तक्त्यावरची शेवटून दुसरी ओळ घडाघडा वाचून दाखवली. त्या खूश झाल्या, सुहासिनी खूश झाली, मी तर झालोच. दवाखान्याचा जिना उतरताना प्रत्येक पायरीची कड वेगळी दिसली. गोखले रोडवर एका बाईच्या पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती. मेथी इतकी हिरवी असते हे मी विसरूनच गेलो होतो. रिक्षात बसल्यावर सुहासिनीला म्हणालो, उगाच सात वर्षं दवडली, हे आधीच उरकायला हवं होतं. ती रिक्षाच्या बाहेर बघत राहिली. लग्नाला चाळीस वर्षं झालेली बायको जेव्हा 'मी तेच सांगत होते' असं म्हणत नाही, तेव्हा समजावं की पाणी मुरतंय. पण मला तेव्हा काही समजून घ्यायचं नव्हतं. नौपाड्यातल्या दुकानांच्या पाट्या, खालच्या फोन नंबरांसकट, मोठ्याने वाचत मी घरी आलो. दार उघडलं, चपला काढल्या, काळा गॉगल कपाळावर सरकवला, आणि बघतो तर बैठकीच्या खोलीची भिंत निळी.

चारचौघांच्या भाषेत निळसर. माझ्या धंद्याच्या भाषेत निळी. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की नव्या भिंगातून सुरुवातीला सगळंच थोडं निळं वाटेल, घाबरून जाऊ नका. मी घाबरलो नाही. रंगाच्या बाबतीत नुसत्या वाटण्याला किंमत नसते, शेजारी काहीतरी धरून बघायचं असतं, हे मीच आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवत आलो. कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडलं आणि त्याची कोरी बाजू भिंतीला लावून धरली. उजव्या डोळ्याने कागद पांढरा, भिंत निळी. मग उजवा मिटला. डाव्याचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं, त्यातला मोतीबिंदू जागच्या जागी होता. डाव्याने कागद पिवळट, आणि भिंत कशी मऊ, शांत, दुधी पांढरी, गेली सात वर्षं मी बघत आलो तशी. परत उजवा, परत डावा. हात भरून येईपर्यंत मी ते पान भिंतीला लावून उभा होतो. मग कागद खाली ठेवला आणि सोफ्यावर बसलो.

'ही भिंत निळी आहे,' मी म्हणालो.

सुहासिनी स्वयंपाकघराच्या दारात आली. तिने भिंतीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

'हो,' ती म्हणाली.

'तुला ठाऊक होतं?'

'मला दिसत होतं ना.'

'मग सात वर्षं बोलली का नाहीस?'

'तुम्ही विचारलंत कुठे?' ती म्हणाली. 'तुम्ही सांगितलं होतंत.'

हे ती भांडणाच्या सुरात म्हणाली असती तर बरं झालं असतं, मलाही चार शब्द ऐकवता आले असते. पण ती अगदी हळू बोलली आणि लगेच डोळ्यात घालायचे थेंब घेऊन आली. मान मागे टाकून थेंब घेताना मला एकेक आठवायला लागलं. डोंबिवलीला राहणारी आमची मुलगी अंतरा एकदा फोनवर म्हणाली होती, आई, ते पुस्तक निळ्या खोलीतल्या कपाटात बघ, आणि मी शेजारून ओरडलो होतो, आपल्याकडे निळी खोली कुठली? मग दोघींनी घाईने विषय बदलला होता. माझा मेहुणा खोली रंगवल्यावर पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला होता, वा, थंडगार वाटतं हो, आणि सुहासिनीने त्याला चहाच्या निमित्ताने आत बोलावून घेतलं होतं. म्हणजे ही बाई सात वर्षं माझ्या घरात येणाऱ्या प्रत्येक माणसाला उंबऱ्यावरच गप्प करत आली होती. सगळ्यांना दिसत होतं. ज्याने आयुष्यभर रंग बघून पगार घेतला त्या एकट्याला दिसत नव्हतं.

वागळे इस्टेटमधल्या एका रंगाच्या कारखान्यात मी तेहेतीस वर्षं शेड बघायचं काम केलं. हल्ली सांगून कोणाला कळत नाही. पिंपात रंग तयार होतो तो पहिल्या फटक्यात कधीच बरोबर येत नाही. कुठे तांबूस मारतो, कुठे हिरवट. मग त्यात थेंबाथेंबाने दुसरे रंग घालून तो मूळ नमुन्याशी जुळवायचा. घालणारा माणूस वेगळा, त्याला टिंटर म्हणत. बघून 'झालं' म्हणणारा माणूस वेगळा, तो मी. मी मान हलवली की पिंप भरायला जायचं. आमच्या खोलीला उत्तरेला मोठी खिडकी होती, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा असतो. त्या खिडकीशी उभं राहून एका हातात मूळ नमुन्याची पट्टी, दुसऱ्या हातात नवा रंग लावलेली पट्टी, अशी दोन्ही शेजारी धरून बघायची रीत. मी सुरुवातीची वीसेक वर्षं तसंच केलं. मग लोक म्हणायला लागले की गुप्तेसाहेबांना पट्टी लागत नाही, त्यांच्या डोक्यात शेड बसलेली आहे. खरोखरच बसलेली असायची. कोणी म्हणालं की तुमचा तो फिका बदामी, की मला तो डोळ्यांसमोर दिसायचा. लोकांनी म्हटलेलं चांगलं माणसाने इतकं मनावर घेऊ नये; पण मी घेतलं, आणि शेवटची दहा वर्षं मूळ नमुन्याची पट्टी कपाटातून काढलीच नाही. रंग मोजायचं मशीन आलं, त्याला मी कापडी कव्हर घालून कोपऱ्यात ठेवलं. बाहेरचे पाहुणे आले की मॅनेजर त्यांना आधी मशीन दाखवत आणि मग हसून म्हणत, आणि हे आमचं खरं मशीन. मला ते फार आवडायचं. अजून आठवलं तरी आवडतं, हीच तर पंचाईत आहे.

दौलत शेलार माझ्या हाताखाली अठरा वर्षं टिंटर होता. कल्याणला राहायचा, मूळचा जुन्नरकडचा. शिक्षण दहावीपर्यंत, पण नजर अशी की शिकवून येत नाही. निळा घालायची वेळ आली की तो श्वास रोखून धरायचा, कारण निळा सगळ्यात दगाबाज, एक थेंब जास्त पडला की परतीचा रस्ता नाही. मी त्याला शिकवलं असं सगळे म्हणत, तोही म्हणे. खरं म्हणजे मी त्याला एवढंच शिकवलं की साहेबाने बघितल्याशिवाय आपण बोलायचं नाही. ते मात्र तो पक्कं शिकला.

माझ्या डोळ्यांना काय झालंय हे मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही. चष्म्याचा नंबर वर्षात दोनदा बदलला. संध्याकाळी घरी येताना समोरच्या गाड्यांचे दिवे फुटल्यासारखे पसरायला लागले. मध्येच एकदा चष्म्याशिवाय वर्तमानपत्र वाचता यायला लागलं आणि मी ते घरी-दारी कौतुकाने सांगत सुटलो. तेही याच दुखण्याचं लक्षण असतं म्हणे. शेवटी सुहासिनीच्या आग्रहाने एका डॉक्टरांकडे गेलो. वयस्क गृहस्थ होते, आता नाहीत. त्यांनी अंधारात डोळ्यात उजेड टाकून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सुरू झालाय, पिवळ्या जातीचा आहे, म्हणजे पिवळ्या काचेतून बघितल्यासारखं होत जाईल, पण इतकं हळूहळू की तुमचं तुम्हाला कळणार नाही. घाई नाही. पूर्वी पिकेपर्यंत थांबायचे, ते दिवस गेले. आता एवढंच बघायचं की रोजच्या कामात अडतं का. ज्या दिवशी अडेल त्या दिवशी करायचं. मग त्यांनी कागदावर लिहिता लिहिता विचारलं, काम काय करता? मी म्हणालो, ऑफिसात असतो. साधं वाक्य. खोटंही नव्हतं, माझ्या खोलीला ऑफिसच म्हणत. घरी येऊन सुहासिनीला सांगितलं की अजून पिकलेला नाही, पिकल्यावर बघू. हा माझ्या मावशीच्या काळातला शब्द. मी रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झालेला माणूस, पण सोयीचा दिसला तेव्हा मावशीचा शब्द उचलला. पोट फुगलं तर मी गोळी घेतो, दात हलला तर दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरकडे जातो. डोळ्यांचं मात्र मला कोणाला कळू द्यायचं नव्हतं, कारण ते कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी मशीनवरचं कव्हर निघालं असतं आणि मी मॅनेजरने पाहुण्यांना दाखवायच्या लायकीचा राहिलो नसतो. रिटायर व्हायला दीडच वर्ष होतं. वाटलं, ढकलू.

त्यानंतर चार महिन्यांनी ती बॅच झाली. एका इस्पितळाच्या भिंतींसाठी दुधी पांढरा हवा होता. तीनशे लिटर आधी गेला होता, उरलेला तीनशे द्यायचा होता. दुधी पांढरा दिसायला सोपा, करायला महाकठीण. नुसता पांढरा केला तर काही दिवसांत कळकट वाटतो, म्हणून त्यात कणभर निळा घालतात, अगदी कणभर, पिंपाला चमचा. निळ्याचा पहिला डोस पडला, मी पाहिला, बॅचच्या नोंदीच्या कार्डावर सही केली. तासाभराने पुन्हा खिडकीशी गेलो तर मला तो पिवळा वाटायला लागला. माझ्या डोक्यातला दुधी पांढरा माझ्या चाळिशीतल्या डोळ्यांनी पाहिलेला होता, आणि समोरचा मी साठीतल्या डोळ्यांनी बघत होतो. आज हे इतकं सरळ दिसतं की हसू येतं. तेव्हा मी दौलतला म्हणालो, निळा कमी आहे, अजून एक डोस घाल. तो घुटमळला. एरवी तो कधी घुटमळत नसे. म्हणाला, साहेब, एकदा जुनी पट्टी काढून शेजारी लावूया का? मी म्हणालो, दहा वर्षांत कधी लावली? तो म्हणाला, नाही, सहज म्हटलं. मी म्हणालो, घाल. त्याने श्वास रोखला आणि घातला. तरी मला पिवळाच वाटला, अजून एक घालायला लावला. ते दोन डोस कार्डावर चढले नाहीत. तोंडी सांगितलेलं कार्डावर नंतर चढवायची आमच्याकडे पद्धतच होती, आणि त्या दिवशी तो 'नंतर' राहून गेला. तेव्हा मला तो रंग अगदी बरोबर वाटला होता, एवढं मात्र मी शपथेवर सांगेन. मी मान हलवली आणि जेवायला गेलो.

इस्पितळाच्या एकाच लांब पॅसेजमध्ये अर्धी भिंत पहिल्या मालाने रंगवलेली होती आणि अर्धी दुसऱ्या. मधोमध रेघ दिसायला लागली. माल परत आला, कॉन्ट्रॅक्टर तणतणत आला, मशीनवरचं कव्हर निघालं. मशीनने सांगितलं निळा तिप्पट. मॅनेजरच्या केबिनमध्ये मी खुर्चीवर होतो आणि दौलत दारापाशी उभा होता. त्याला विचारलं, निळा कोणी वाढवला. तो म्हणाला, साहेबांनी बघून सांगितलं, कमी आहे म्हणून. तुला काय दिसलं होतं? मला जास्त वाटत होता, पण साहेब म्हणाले म्हणून घातला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. हो, मीच सांगितलं, एवढंच म्हणायचं होतं. फार तर दोन दिवस लोक कुजबुजले असते. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, 'कार्डावर माझी सही पहिल्या डोसाला आहे.'

शब्दन् शब्द खरा होता. खोटं बोललो असतो तर कदाचित रात्री झोप उडाली असती, आणि झोप उडाली असती तर चार दिवसांत जाऊन सांगूनही टाकलं असतं. त्या खऱ्या वाक्याने मला सात वर्षं छान झोप लागू दिली. दौलतने माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. तो गोंधळला होता, हिशोब चुकलेल्या मुलासारखा. मग खाली बघून तो जे म्हणाला ते मी इतकी वर्षं आठवू दिलं नव्हतं. तो म्हणाला, साहेबांची नजर नाही चुकणार. माझंच काहीतरी झालं असेल. आणि माझ्या घरी, कपाटाच्या खणात, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे असं लिहिलेला डॉक्टरांचा कागद होता. त्या आठवड्यात दौलतला कामावरून कमी केलं. परत आलेला माल स्टाफला स्वस्तात देऊन टाकायची पद्धत होती. त्यातले दोन डबे मी मुद्दाम घरी आणले आणि बैठकीची खोली रंगवून घेतली. सगळ्यांना दाखवायचं होतं की माल चांगला होता, मशीनच खुळं आहे. रंगारी डबा उघडून म्हणाला होता, काका, मस्त आकाशी आहे. मी त्याला झापलं होतं.

डाव्या डोळ्याची तारीख तीन आठवड्यांनी होती. मी फोन करून ती पुढे ढकलली. मग परत एकदा ढकलली. डॉक्टरीणबाईंनी बोलावून घेतलं आणि जरा रागावल्याच. म्हणाल्या, आजोबा, हा डावा आता इतका कडक झालाय की जितकं थांबाल तितकं काम अवघड होईल, आणि एका डोळ्याने एक आणि दुसऱ्याने दुसरं दिसत असताना जिना उतरायची भीती नाही वाटत? मी म्हणालो, वाटते. मग अडचण काय आहे? अडचण त्यांना सांगण्यासारखी नव्हती. तो डावा डोळा होता तोवर मला हवं तेव्हा त्या दिवसाच्या खिडकीशी जाऊन उभं राहता येत होतं. उजवा मिटला की दुधी पांढरा, मी बरोबर. डावा मिटला की निळी, दौलत बरोबर. एकदा तो काढून टाकला की मला फक्त निळी भिंत दिसणार, आणि मग काही वर्षांनी मी स्वतःलाच पटवून देईन की ती तर मला पहिल्यापासूनच निळी दिसत होती, दौलतनेच घोळ घातला. मी स्वतःला चांगलं ओळखतो. मला काय काय पटवून देता येतं ते मी पाहिलेलं आहे.

सकाळी चहा घेताना मी एक डोळा मिटून भिंतीकडे बघत बसायचो. सुहासिनीने ते चार-पाच दिवस पाहिलं. मग एके दिवशी कप उचलता उचलता म्हणाली, दौलतकडे जाऊन या. मी दचकलो. त्या प्रकरणातलं मी तिला एवढंच सांगितलं होतं की टिंटरने घोटाळा केला. ती म्हणाली, 'रंगाऱ्याने डबा उघडला तेव्हाच मला कळलं होतं. तेव्हा बोलले असते तर त्याची नोकरी वाचली असती. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही बोलले.' आणि ती रडायला लागली. मला वाटत होतं हे माझं एकट्याचं पाप आहे. अर्धं तिने तेव्हापासून गुपचूप उचलून ठेवलं होतं. चाळीस वर्षांत मी तिला कधी मिठी मारली असेल तर ती दारं लावून. त्या दिवशी गॅलरीचं दार सताड उघडं होतं.

दौलत कुठे असतो हे मला शोधायला लागलं नाही. दर दिवाळीला त्याचा मेसेज यायचा, त्यात खाली कल्याणच्या रंगाच्या दुकानाचं नाव आणि पत्ता असायचा, आणि मी उत्तरादाखल जोडलेले दोन हात पाठवून द्यायचो. सात वर्षं सात जोडलेले हात. मी एसटीने गेलो, लोकलच्या गर्दीत डोळ्याला धक्का नको म्हणून. वाटेत काय बोलायचं ते जुळवत होतो. सुरुवात डॉक्टरांपासून करावी की मशीनपासून, माफी आधी मागावी की नंतर. उल्हास नदीच्या पुलावर माझं भाषण पुरं झालं आणि कल्याणच्या स्टँडवर उतरलो तेव्हा त्यातलं एक वाक्य आठवेना. दुकान बाजारपेठेतच होतं, अरुंद, डब्यांनी खच्चून भरलेलं. आत एक पांढरं, फ्रीजएवढं मशीन आणि त्याच्या शेजारी दौलत. केस गेले होते, चष्मा नव्हता. मला बघून तो इतका घाईने बाहेर आला की काउंटरवरचा डबा कलंडला. पाया पडला. मी अडवेपर्यंत पडून झालं होतं.

'तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब, साहेब? फोन करायचा ना, मी आलो असतो.'

मला स्टुलावर बसवलं, चहा सांगितला, घरचं, डोळ्याच्या ऑपरेशनचं सगळं विचारलं. मालक जेवायला गेला होता. दौलतने मोठ्या कौतुकाने मशीन दाखवलं: शेडचा नंबर टाकला की ते आपलं आपण मोजून थेंब सोडतं, माणसाला नुसतं झाकण लावायचं काम. बघायला लागतच नाही साहेब, तो म्हणाला. चहा आला. मी गॉगल काढला आणि एका दमात बोलून टाकलं.

'दौलत, त्या बॅचमध्ये निळा जास्तच होता. तुझं बरोबर होतं. दोन्ही डोस मी सांगितले होते, आणि मला तेव्हा मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी मला सांगितलेलं होतं, तरी मी गप्प बसलो.'

तो चहाच्या कपाकडे बघत राहिला. मला वाटलं आता तो चिडेल. चिडावं असं फार मनापासून वाटत होतं. एक शिवी दिली असती तरी मी ती जपून ठाण्याला घेऊन आलो असतो.

'मी तेव्हा डोळे तपासायला गेलेलो, साहेब,' तो म्हणाला. 'दोनदा गेलेलो. एकदा इकडे, एकदा मुंबईला मोठ्या दवाखान्यात. दोघं पण बोलले, एकदम क्लिअर आहेत. मी म्हटलं, यांना रंगातलं काय कळणार. साहेबांना पांढरा दिसला म्हणजे पांढराच. नजर माझीच गेली.'

त्याने हे सगळं सरळ आवाजात सांगितलं. नंतर इस्टेटमधल्याच दोन कंपन्यांनी त्याला टिंटर म्हणून बोलावलं होतं. गेला नाही. परत चुकलं तर, म्हणून. घरी सून विचारते, बाबा, या साडीवर हे ब्लाउज चालेल का, तर तो म्हणतो मला नको विचारू, मला नाही कळत. रंगूबाई, त्याची बायको, आधी हसायची, मग तिनेही विचारायचं सोडलं. मी समजत होतो मी त्याची नोकरी घालवली. नोकरी त्याला तीन महिन्यांत दुसरी मिळाली होती. मी म्हणालो, आता तरी कळलं ना, तुझं बरोबर होतं? तो म्हणाला, हो साहेब. निळा घाल म्हटल्यावर म्हणायचा, अगदी त्याच सुरात.

तेवढ्यात एक बाई आल्या. हातात जुन्या दाराच्या चौकटीचा तुटका तुकडा, त्यावर फिका राखाडी रंग, असाच हवा म्हणाल्या, अर्धी चौकट रंगवायची राहिली आहे. तुकड्यावरून नंबर शोधून देणारं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं. दौलत म्हणाला, मालक येतील अर्ध्या तासात, ते बघतात. बाईंना वेळ नव्हता, त्यांनी रिक्षा थांबवून ठेवली होती. मग त्याने नाइलाजाने शेडकार्डाची घडी उलगडली, त्यातल्या तीन राखाडी पट्ट्या जवळजवळ सारख्या, आणि तुकडा घेऊन तो दुकानाबाहेर गेला. मीही मागोमाग गेलो. उन्हाकडे पाठ करून तो सावलीत उभा राहिला, तुकडा आणि कार्ड शेजारी धरलं, आणि त्याने श्वास रोखला. मी डावा डोळा मिटून घेतला. एक पट्टी हिरवट होती, एक जराशी जांभळी मारत होती. त्याचं बोट मधल्या पट्टीवर गेलं आणि थांबलं. तीच होती. क्षणाचाही वेळ लागला नव्हता. सात वर्षं झाकून ठेवलेली नजर जशीच्या तशी होती, आणि मला विलक्षण आनंद झाला. बोल, मी मनात म्हणत होतो, बोल बाबा.

त्याने बोट उचललं आणि कार्ड माझ्यापुढे धरलं.

'साहेब, तुम्ही सांगा ना,' तो म्हणाला. 'तुमचा तर आता नवा डोळा आहे.'

'तू सांग,' मी म्हणालो.

तो हसला, लाजल्यासारखा. बाई म्हणाल्या, अहो, दोघांपैकी कोणीतरी सांगा, रिक्षावाला जाईल. मी बोललो नाही. बोललो असतो तर बरोबरच सांगितलं असतं. रस्त्यावरून माणसं जात होती, बाई पाय बदलत उभ्या होत्या, आणि दौलत कार्ड तसंच धरून, त्याकडे न बघता, माझ्या तोंडाकडे बघत होता.